राजश्री ‘नाही निघत’ म्हणाली तो दिवस

दापोलीच्या एसटी स्टँडमागे मोबाईल दुरुस्तीची चार दुकानं आहेत. पहिल्या तिघांनी हात टेकले की गिऱ्हाईक चौथ्याकडे येतं. चौथं राजश्रीचं. दुकान कसलं, दहा बाय सातचा गाळा. पुढे काउंटर, मागे टेबल, टेबलावर भिंगाचा दिवा आणि भिंतीवर ओळीने लावलेले चिमटे. बाई चव्वेचाळीस वर्षांची, अंगाने बारीक आणि तोंडाने तिखट. नवरा मुंबईला कंपनीत, गणपतीला आणि शिमग्याला येतो. उरलेलं वर्ष ती, तिचे चिमटे आणि अकरावी सायन्सला तिच्याकडे राहिलेली भाची सानवी.

समुद्रात पडलेला फोन तांदळाच्या डब्यात घालून आणणाऱ्यांवर तिचा विशेष राग. “खारं पाणी गेलंय आत. त्याला आधी गोडं पाणी दाखवायचं, तर तुम्ही उकडे तांदूळ चारलेत! आता काय पेज करू याची?” असं ती भर दुकानात विचारते. लोक ऐकून घेतात, कारण पुढचं ती खरं सांगते. होत असेल तर होतं, नसेल तर नाही. ‘बोर्ड गेला’ म्हणून चांगला फोन मातीमोलाने घ्यायचा आणि आठ दिवसांनी तोच विकायचा, हे या धंद्यात चालतं. राजश्रीने अठरा वर्षांत ते एकदाही केलं नव्हतं. हा तिचा गर्व होता म्हणा. असू दे. माणसाला एखादा गर्व लागतो.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी अकराच्या सुमारास एक मुलगी दुकानात आली. हातात टॉवेलची गाठोडी होती. सोडली तर आत ड्रोन. दोन पाती मोडलेली, पोट चिरलेलं आणि पुढचा कॅमेरा एका पट्टीला लोंबकळत असलेला.

मुलीचं नाव मृणाली. फलटणकडची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. एका ठेकेदारामार्फत मत्स्य खात्यासाठी ती हर्ण्याच्या किनाऱ्यावरून ड्रोन उडवायची. किनाऱ्याजवळ कोणी बंदीचं जाळं टाकतंय का, ते वरून बघायचं.

“कुठे आपटला?” राजश्रीने विचारलं.

“हर्ण्याच्या खडकांवर. पण मी नाय आपटला, मॅडम. बोटीवरनं मारलं त्याला कायतरी. जाळ्याचं शिसं असणार. तसाच लंगडत किनाऱ्यापर्यंत आणला आणि तिथं पडला.”

मग तिने सगळं सांगितलं. सकाळी एक बोट किनाऱ्यालगत मोठं फिरतं जाळं टाकून बसली होती, माशांचा सगळा थवाच्या थवा वेढून उचलणारं. नंबर घ्यायला ड्रोन खाली उतरवला, तर नंबरावर जाळं पसरलेलं. म्हणून बोटीभोवती फेरी मारली, वरूनही घेतलं, आणि तेवढ्यात ठोकर बसली. मेमरी कार्डाचे पडताना दोन तुकडे झाले. मोबाईलवर आलेलं चित्र इतकं पुसट की ही बोट का गलबत ते कळेना. मात्र ड्रोनच्या पोटात स्वतःची मेमरी होती आणि तिच्यातही चित्रण उतरलेलं असणार होतं. चालू केला की दहा सेकंदांत तो बंद पडायचा, एवढीच अडचण.

“आणि त्या बोटवाल्यांनीच नाव न सांगता ऑफिसला फोन केला,” मृणाली म्हणाली. “म्हणे, बाईला उडवता येत नाही, ड्रोन आमच्या माणसाच्या डोक्यावर आणला. आता ठेकेदार म्हणतोय, चार वाजेपर्यंत व्हिडिओ दाखव, नायतर माझी चूक झाली असं लिहून दे. लिहून दिलं की माझं लायसन गेलं, मॅडम.”

“चोराच्या उलट्या बोंबा,” राजश्री म्हणाली आणि दिवा लावला. “बस तिथे. चार वाजायला पुष्कळ वेळ आहे.”

ती मनापासून म्हणाली. असल्या जाळ्यांवर तिचा जुना दात होता. ती हर्ण्याचीच. बाप सखाराम पावसे लहान होडी घेऊन साध्या जाळ्याने मासे मारायचा. पातेलं खरवडावं तसा ही माणसं समुद्र खरवडून नेतात, असं तो जेवताना म्हणायचा आणि मग जेवायचा नाही. एका वर्षी त्याने होडी वाळूवर उलटी घातली ती पुन्हा सरळ केलीच नाही. पुढे तो गेला, मागोमाग आई गेली. राजश्रीला माहेर म्हणून उरला तो धाकटा भाऊ धाकू. त्याने भागीदारीत मोठी बोट केली, त्याचीच मुलगी सानवी. सणावाराला जायला, रुसायला, हक्काने चार शब्द सुनवायला तिला जगात तेवढंच एक घर होतं.

ड्रोनचा कॅमेरा तीन सांध्यांच्या एका हातावर तोललेला असतो, त्याला हे लोक गिंबल म्हणतात. त्या सांध्यांतून कागदासारखी पातळ पट्टी जाते, ती रिबन. इथे रिबन मधोमध फाटली होती आणि तिच्या उघड्या तारा एकमेकींना शिवत होत्या. म्हणून दहा सेकंदांत जीव जात होता. राजश्रीने रिबन काढून चालू करून पाहिलं. ड्रोन जिवंत राहिला, पण कॅमेरा सापडत नाही म्हणून फुरंगटून बसला. मेमरी काही उघडेना.

“दुसरी रिबन लागेल,” ती म्हणाली. “पुण्याहून मागवली तर चार दिवस.”

मृणालीने घड्याळाकडे बघितलं. राजश्रीने टेबलाखालचा खोका ओढला. त्यात खेडच्या एका फोटोग्राफरचा ड्रोन होता, लग्नात माडाला धडकून मेलेला. मॉडेल तेच. कॅमेऱ्याची काच फुटली होती, पण रिबन शाबूत दिसत होती. दिसत होती एवढंच. ती तिथून सोडवून इथे बसवायची म्हणजे सहा स्क्रू, तीन सांधे आणि तिळाएवढे दोन खटके. त्यातला एक जरी तुटला तरी खेळ संपला, कारण तिसरा ड्रोन नव्हता.

तिने पंखा बंद केला. पहिला सांधा सुटला. दुसऱ्याचा स्क्रू गंजून बसला होता, त्याला तेलाचा थेंब देऊन वाट बघावी लागली. साडेबारा झाले. मृणाली उभीच होती. “श्वास सोड गं बाई, पण दुसरीकडे तोंड करून,” राजश्री भिंगातून डोळा न काढता म्हणाली. सोडवताना रिबनचा एक कोपरा उचकटला, तिने दात चावले, चिमटा तसाच धरून ठेवला आणि नखाने कोपरा हळूच बसवला. मग ती पट्टी या ड्रोनच्या सांध्यांतून ओवली. पहिला खटका बसला. दुसरा बसेना. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला तरी तिने हात हलवला नाही. तिसऱ्या खेपेला बारीकसा ‘टक्’ आवाज आला.

बॅटरी लावली. दहा सेकंद गेले. वीस गेले. लोंबकळणाऱ्या कॅमेऱ्याने मान वर केली आणि सरळ समोर बघितलं.

“मॅडम!” मृणाली ओरडलीच.

“थांब. मेमरी उघडते का ते बघू दे. तोंड गोड करायची घाई नको.”

“मी चहा तरी आणते,” म्हणत ती स्टँडकडे पळाली.

राजश्रीची एक शिस्त होती. आधी सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, मग बघायचं. तिने उतरवून घेतलं आणि शेवटची फाईल उघडली.

बोट बाजूने दिसली. नंबर होता तिथे जाळ्याची घडी लोंबत होती. राजश्रीला हसू आलं, ही हर्ण्याची हुशारी तिच्या ओळखीची होती. मग ड्रोन वर गेला आणि केबिनचा टप दिसला. टपावर फ्लेक्स अंथरला होता. पिवळा, जांभळी किनार. मध्ये दोन वेण्या घातलेल्या मुलीचा हसरा फोटो. ‘हार्दिक अभिनंदन! कु. सानवी धाकू पावसे, दहावी ९२ टक्के.’ खाली, ‘शुभेच्छुक: आत्या. राजश्री मोबाईल अँड कॅमेरा रिपेअरिंग, दापोली,’ आणि पुढे दहा आकडी नंबर. एकेक आकडा स्वच्छ.

तो फ्लेक्स तिनेच छापला होता. महिनाभर हर्ण्याच्या नाक्यावर झळकल्यावर तो धाकू फेकून देत होता, तेव्हा तिनेच सांगितलं होतं, “टाकू नको. केबिन गळतेय ना? टपावर घाल, छापील बाजू वर कर म्हणजे पाणी निथळेल.” शहाण्यांनी नंबर झाकायला दोन हात जाळं पसरलं. पण बोट वरून कशी दिसते हे बघायला हर्ण्यात आजवर गेलंय कोण? वरून बघणारा एकच, आणि तो पंचनामा करत नाही.

चित्रात डेकवर दोन-तीन माणसं होती. एक हात वर गेला. कोणाचा ते कळायच्या आत आकाश, पाणी, बोट सगळं गरागरा फिरलं.

तिने फाईल बंद केली.  धाकू? असलं जाळं? बापाच्या ताटात अन्न उतरू न देणारं जाळं याने बोटीवर घेतलं आणि आपल्याला सांगितलंही नाही? तिला आधी राग आला, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे धड एकही बाहेर पडेना.

तेवढ्यात फोन वाजला. धाकूच.

“ताय, कामात हाईस?”

“बोल.”

“ता... तो ड्रोन तुज्याकडं आला काय गो?”

ती गप्प राहिली. त्याला उत्तर मिळालं.

“मंग ऐक. निघत नाय असा सांग. येवडाच. दुसरा काय करू नको.”

“धाकू, ता जाळा तुजा?”

“भागीदाराचा. बोट माजी. बोटीत काय येतच नाय गो आता, मी काय करू? परवाना गेला तर घरात बसायचा काय मी? सानवीला परत हर्न्याला न्यावी लागंल. ताय, तुज्या हातात हाय.”

आपलेच दात, आपलेच ओठ. त्याने फोन ठेवला. राजश्रीने चिमटा उचलला आणि तासाभराच्या मेहनतीने बसवलेला दुसरा खटका सोडवला. याला अर्धा सेकंद लागला.

मृणाली दोन ग्लास घेऊन आली. चहा सांडू नये म्हणून ती हळू चालत होती आणि चेहरा नुसता फुलला होता.

“नाही निघत,” राजश्री म्हणाली.

“म्हणजे?”

“मेमरी गेली. पडताना गेली असणार.”

मृणालीने ग्लास काउंटरवर ठेवले. ती वाद घालेल, पुन्हा बघा म्हणेल, असं राजश्रीला वाटलं होतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण मुलीने मान हलवली आणि ड्रोन टॉवेलात बांधायला घेतला. “तुम्ही केवढं केलंत, मॅडम. तुम्हाला नाय निघालं म्हणजे कुणालाच निघायचं नाय.” गाठ मारून ती निघाली. पायरीवरून ती परत वळली. हिला कळलं की काय, असं राजश्रीला वाटलं. पण ती पैसे विचारायला वळली होती. राजश्रीने नको म्हणून हात हलवला.

त्यानंतर दीड तास राजश्री दुकानात बसून होती. डबा उघडला नाही. चहावर साय धरली. स्वतःला समजवायला तिच्याजवळ पुष्कळ होतं. हर्ण्यात एकटा धाकूच का जाळं टाकतो? त्या पोरीला दुसरी नोकरी मिळेल. सानवीचं शिक्षण महत्त्वाचं. रक्त ते रक्त. एकेक कारण खरं होतं आणि एकही गळ्याखाली उतरत नव्हतं.

अडीचला बुरोंडीची एक बाई फोन घेऊन आली. आत मुलाच्या लग्नाचे फोटो होते. राजश्रीने उघडला तर बोर्ड खाऱ्या पाण्याने खाऊन हिरवा पडलेला. खरोखरच मेला होता. “नाही निघत,” ती म्हणाली, आणि ते शब्द तिच्या स्वतःच्याच कानांना खोटे वाटले. तिने फोन पुन्हा उघडला. पुन्हा भिंगाखाली धरला. तिसऱ्यांदा उघडायला गेली तेव्हा बाईच म्हणाली, “ऱ्हाऊ दे गो बाय. तू बोललीस म्हनजे संपला. दुसऱ्याकडं कशाला फिरू मी?” बाईने मेलेला फोन पदरात बांधला आणि गेली.

राजश्री उठली. हर्ण्याला दुपारची गाडी तीनलाच होती. शटर अर्धं ओढलं आणि ती स्टँडवर पळाली. हर्ण्याची गाडी लागली होती, इंजिन चालू होतं. मृणाली खिडकीशी बसून गुडघ्यावर कागद ठेवून काही लिहीत होती. राजश्रीने खिडकीवर थाप मारली.

“खाली उतर. निघालंय ते. मी खोटं बोलले.”

दुकानात तिने लॅपटॉप मृणालीकडे फिरवला. मृणालीने टप बघितला, फ्लेक्स बघितला, आकडे वाचले. मग मान वर करून काउंटरवरची दुकानाच्या नावाची पाटी वाचली.

“कोण?”

“भाऊ. सख्खा. एकुलता एक.”

मृणालीने तिच्याकडे सरळ बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो असायलाच हवा होता. आपण लिहून देत होतो त्या कागदाची तिने घडी घातली, आणखी एक घातली. “मी तुमचं नाव कुठं सांगणार नाय,” ती अखेर म्हणाली.

“माझं नाव काय झाकतेस? ढळढळीत छापलंय की, नंबरासकट,” राजश्री म्हणाली. तिने पेन ड्राईव्ह मृणालीच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटली. “पळ, रिक्षा कर. साडेतीन होतायत.”

ती गेल्यावर राजश्रीने धाकूला फोन लावला. हे काम तिला दुसऱ्या कोणावर टाकायचं नव्हतं.

“धाकू, निघाला. मी दिलाय.”

“तू?”

“मी. बोट घेऊन सरळ बंदरात ये. कुटं पळू नको.”

“ताय, तू सांगितला नसतास तर दुसऱ्या कुनी काडला असा वाटला असता माला.”

“म्हनून तर सांगितला.”

पलीकडे इंजिनाचा आवाज येत होता, कोणीतरी हाका मारत होतं. मग फोन बंद झाला. संध्याकाळी सानवी कॉलेजातून आली तेव्हा राजश्रीने तिलाही सगळं सांगितलं. पोरगी जेवली नाही आणि दोन दिवस आत्याशी एक शब्द बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकू घरी आला. मोटरसायकल फाटकाशी लावली आणि अंगणातच उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. आतून सानवी दप्तर भरत असल्याचा आवाज आला. तिने ठरवूनच टाकलं होतं की बाबा आपल्याला न्यायला आलाय. राजश्रीने तांब्या भरला आणि पेल्यासकट त्याच्यापुढे ओट्यावर ठेवला. ज्या घराशी तुटलं त्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्याकडची जुनी रीत. तिने तांब्या ठेवला आणि त्याच्या हाताकडे बघत उभी राहिली.

“खात्यावाल्यांनी बोट बांदून घातल्यानी,” धाकू म्हणाला. “जाळा नेलानी. सुनावनी लागल.” तो थांबला. “शिसा मारलान बाबल्यान, आमच्या खलाश्यान. मी नाय. पन बोट माजी, म्हनून हात पन माजाच लिवून दिलाय. त्या पोरीवर आता काय ऱ्हायला नाय.”

“बरा केलास.”

“तुला इचारून नाय केला.”

सानवी दप्तर घेऊन दारात आली. धाकूने तिच्याकडे बघितलं आणि मानेनेच दप्तर खाली ठेवायला सांगितलं. “हितंच ऱ्हा. परीक्षा तोंडावर हाय. तुजी आत्या शिकवील तसा शीक.” एवढं बोलून त्याने खाली बघितलं. पेल्यापासून त्याचा हात वीतभर अंतरावर होता. हर्ण्याहून भर उन्हात गाडी मारत आला होता, ओठ सुकून पांढरे झाले होते. तो हात तसाच काही वेळ राहिला. मग त्याने तो खिशात घातला, किल्ली काढली आणि गाडीकडे वळला.

गाडीचा आवाज उतारावरून खाली गेला तरी दोघी दारातच होत्या.

“आत्ये, बाबा पानी नाय प्याला?” सानवीने विचारलं. दोन दिवसांत ती पहिल्यांदा बोलली होती.

“नाय प्याला,” राजश्री म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून पोरीच्या देखत हमसून हमसून रडली.